भुताची बातमी आणि तिचा पुढचा भाग: अद्भुत ग्राफिक कादंबरी कशी वाचावी

समजा, एखाद्या मित्राने तुमच्या हातात एक जाडजूड चित्रकादंबरी ठेवली. मुखपृष्ठावर चुरगळलेल्या सुटातला, जुनाट गवती हॅट घातलेला माणूस आहे, त्याच्या हातात टेपरेकॉर्डर आहे आणि मागच्या भिंतीवर कुणाची तरी सावली आहे. पहिल्या पाच पानांतच कळतं की ही गोष्ट मधूनच सुरू झाली आहे. या माणसाला शहरातले पोलीस आधीपासून ओळखतात, संपादक त्याला पाहताच पोटावर हात ठेवतो आणि तो स्वतः एखाद्या जुन्या प्रकरणाचा असा उल्लेख करतो की जणू तुम्हाला ते ठाऊकच असावं. बरेच वाचक इथेच पुस्तक मिटतात.

मिटू नका. असा पुढचा भाग वाचायची एक रीत आहे आणि ती अवघड नाही. मी ती कार्ल कोल्चॅक या पात्राच्या आधाराने सांगतो. अमानवी गोष्टींच्या मागे लागणाऱ्या सत्यशोधक बातमीदारांमध्ये त्याच्याइतका ठसठशीत दुसरा मला माहीत नाही. शिवाय त्याच्या गोष्टी छोट्या पडद्यावरून चित्रकथेत आल्या, त्यामुळे ‘पुढचा भाग’ म्हणजे काय याचे जवळजवळ सगळे प्रकार त्याच्या एकट्याच्या वाट्याला आले आहेत.

पहिली पायरी: मागचं किती माहीत हवं ते ठरवा

सगळं माहीत असायची गरज नाही. कोल्चॅकपुरतं बोलायचं तर पुढचा परिच्छेद पुरेसा आहे.

जेफ राइस हा लास व्हेगासमधल्या वर्तमानपत्रात काम केलेला माणूस. त्याने एका बातमीदारावर कादंबरी लिहिली. ती छापली जाण्याआधीच तिच्यावरून रिचर्ड मॅथेसनने पटकथा केली आणि ११ जानेवारी १९७२ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘द नाइट स्टॉकर’ हा चित्रपट दाखवला गेला. कोल्चॅकची भूमिका डॅरेन मॅकगॅव्हिनने केली. लास व्हेगासमध्ये तरुण मुलींची प्रेतं सापडतात, अंगात रक्ताचा थेंब नसलेली. कोल्चॅक रक्तपिपासू पिशाच्चापर्यंत पोचतो आणि त्याला संपवतोही. बदल्यात त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवायची धमकी मिळते, शहरातून हाकललं जातं आणि बातमी दाबली जाते. जानेवारी १९७३ मध्ये दुसरा चित्रपट आला, सिॲटल शहरातला. मग १३ सप्टेंबर १९७४ पासून शिकागोत घडणारी वीस भागांची मालिका आली आणि १९७५ च्या मार्चमध्ये संपली. चित्रकथा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आल्या. मूनस्टोन या अमेरिकी प्रकाशनाने त्या काढल्या आणि २०२२ मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, अनेक लेखक-चित्रकारांनी मिळून केलेला ग्राफिक कादंबरीचा संग्रहही निघाला.

बस, एवढंच. २००५ साली ‘नाइट स्टॉकर’ नावाची नवी मालिका आली होती. तिच्यातला तरुण कोल्चॅक वेगळाच आहे, त्याचा इथे संबंध लावू नका.

आता एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून देतो. १९७२ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात घरफोडी झाली, ती दडपायचा सरकारचा प्रयत्न उघडा पडला आणि ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे कोल्चॅकचा पहिला चित्रपट त्या घोटाळ्याच्या काही महिने आधीचा आणि मालिका निक्सन गेल्यावर महिनाभराने सुरू झालेली. सरकार सत्य लपवतं आणि बातमीदार ते उकरतो, ही गोष्ट तेव्हा अमेरिकी माणसाच्या रोजच्या बोलण्यातली होती. चित्रकथेत पोलीस अधिकारी दार लावून घेऊन ‘हे छापायचं नाही’ म्हणतो, तेव्हा त्या काळाची हवा त्या खोलीत आहे, हे समजून वाचा. १९७० च्या दशकात घडवलेली कोणतीही कोल्चॅककथा त्याशिवाय अर्धीच उमगते.

दुसरी पायरी: हा पुढचा भाग कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पुढच्या भागाचे ढोबळ तीन प्रकार असतात. काही पुस्तकं मागची गोष्ट जिथे संपली तिथून सरळ पुढे जातात. काही मधल्या रिकाम्या जागा भरतात. आणि काहींमध्ये नायक तोच, पण प्रकरण स्वतंत्र असतं. तुमच्या हातात काय आहे हे पहिल्या दहा पानांत कळतं: पात्रं एकमेकांना नव्याने ओळख करून देत असतील तर स्वतंत्र, तारीख ठळक लिहिली असेल आणि ती अडनिडी असेल तर मधली जागा भरणारी.

रिकाम्या जागेचं छान उदाहरण कोल्चॅकमध्येच आहे. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी तो आणि त्याचा संपादक टोनी व्हिन्सेंझो, दोघेही नोकरी गमावून गाडीने न्यूयॉर्ककडे निघतात. मालिका उघडते तेव्हा दोघे शिकागोत एका वृत्तसंस्थेच्या कार्यालयात भांडत असतात. मध्ये काय झालं? पडद्यावर कुणी सांगत नाही. चित्रकथेच्या लेखकाला अशा फटी फार आवडतात, आणि आवडायलाच हव्यात. तुम्हाला दोन भागांत असा सांधा जुळत नसल्याचं दिसलं, तर लगेच ‘चूक’ म्हणून बाजूला सारू नका. पेन्सिलीने समासात खूण करा. पुढे त्याच फटीतून एखादी गोष्ट निघण्याची शक्यता असते.

तिसरा, स्वतंत्र प्रकरणाचा प्रकार आपल्याला मराठी वाचकांना जड जायला नको. ‘चांदोबा’त विक्रम आणि वेताळ वाचत वाढलेल्यांना तो अंगवळणी पडलेला आहे. राजा दर वेळी झाडापाशी जातो, प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ नवी गोष्ट सांगतो, राजाचं मौन सुटतं आणि प्रेत पुन्हा झाडावर लटकतं. गोष्ट प्रत्येक वेळी वेगळी, पण राजाचा हट्ट तोच. कोल्चॅकची घडण हुबेहूब अशी आहे. दर वेळी नवं भूत, नवा राक्षस. दर वेळी तो पुराव्यासकट बातमी खांद्यावर घेऊन निघतो. आणि दर वेळी ती बातमी छापखान्यात पोचण्याआधी झाडावर परत जाते. हे एकदा ध्यानात आलं की ‘शेवटी परत तेच’ अशी कुरकुर राहत नाही. वेताळ निसटणार हे आपल्याला ठाऊकच असतं, तरी गोष्ट आपण कान देऊन ऐकतो.

तिसरी पायरी: पहिलं वाचन न थांबता

एका बैठकीत वाचा. नकाशे, जुने संदर्भ, पात्रांची नावं शोधायला उठू नका. चित्रकथा ही नजरेने वाहायची गोष्ट आहे.

शक्य असेल तर छापील पुस्तक घ्या, नाहीतर मोठ्या पडद्यावर पूर्ण पान एकदम दिसेल असं वाचा. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून दाखवायची सोय असते, ती मी एकदा वापरली आणि पस्तावलो. भयकथेत चित्रकार पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नुसतं अर्धवट उघडं दार ठेवतो आणि पान उलटल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात त्या दारामागचं तुमच्यासमोर उभं करतो. पान उलटायला लागणारा तो क्षण चित्रकाराने मोजून ठेवलेला असतो. एकेक चौकट सरकवली की तो क्षणच नाहीसा होतो. शिवाय समोरासमोरच्या दोन पानांची एकत्र रचना दिसत नाही, आणि कोल्चॅकच्या मागे तीन चौकटींपासून उभी असलेली सावली माझ्या नजरेतून तशीच सुटली.

चौथी पायरी: पट्टीतला आवाज कानाने वाचा

इथे जरा थांबणार आहे, कारण या पुस्तकांचा जीव इथे आहे.

चित्रकथेत बोलणं फुग्यात येतं आणि निवेदन चौकोनी पट्टीत. बहुतेक कथांमध्ये ही पट्टी म्हणजे लेखकाचा आवाज असतो. कोल्चॅकच्या कथेत तसं नाही. पहिल्या चित्रपटात तो एका साध्या खोलीत बसून टेपरेकॉर्डरमध्ये सगळी हकिगत बोलून ठेवतो आहे. चित्रकथेने हीच रीत उचलली. तेव्हा पट्टीतला मजकूर म्हणजे सगळं घडून गेल्यावर, बातमी मेल्यावर, एका दमलेल्या माणसाने यंत्रापाशी केलेलं बोलणं आहे. काही पुस्तकांत पट्टीतल्या मजकुराला अवतरणचिन्हं असतात. ती दिसली की समजावं, हा बोललेला आवाज आहे आणि बोलणारा त्या चित्रात नाही.

म्हणून पट्टी आणि चित्र दोन वेगळ्या वेळचे आहेत. चित्रात कोल्चॅक धावतो आहे, घाबरला आहे, त्याला पुढचं काही माहीत नाही. पट्टीतल्या कोल्चॅकला सगळं माहीत आहे. या दोघांतलं अंतर मोजत वाचा. पट्टीत तो कोरडेपणाने तारीख, वेळ, मृत व्यक्तीचं नाव, वय, कामाचं ठिकाण सांगतो, पोलिसांच्या पंचनाम्यासारखं. त्याच वेळी चित्रात तीच बाई कामावरून सुटून रात्री एकटी घरी निघालेली असते. तपशील जितका कोरडा, तितकं ते चित्र अंगावर येतं. चांगला लेखक इथे एकही विशेषण वापरत नाही.

दुसरं, पट्टी कुठे गप्प होते ते पाहा. सतत बोलणारा हा माणूस एखाद्या पानावर एकही शब्द बोलत नाही. बहुधा तिथे राक्षस आलेला असतो, किंवा त्याने केलेल्या चुकीने कुणाचा तरी जीव गेलेला असतो. त्या नि:शब्द पानावर दुप्पट वेळ थांबा.

पाचवी पायरी: वही घ्या आणि तीन रकाने आखा

दुसऱ्या वाचनाला वही लागते. तीन रकाने करा: कोल्चॅकने स्वतः काय पाहिलं, त्याला दुसऱ्याने काय सांगितलं, आणि हातात धरता येईल असा पुरावा कोणता. कथा पुढे सरकेल तशी एकेक नोंद करत जा आणि कोणता पुरावा कुणी, कुठे, कसा नष्ट केला ते समोर लिहा.

हा काही शाळकरी व्यायाम नाही. असल्या कथेचा खरा कणा राक्षसाचा पाठलाग नसून पुराव्याचा प्रवास असतो. छायाचित्रांचा रोल पोलीस जप्त करतात. ध्वनिफीत पुसली जाते. साक्षीदार गाव सोडून जातो, किंवा त्याला घालवलं जातं. प्रेत जळतं, वितळतं, पाण्यात जातं. शेवटच्या पानापर्यंत तिसरा रकाना रिकामा झालेला असतो आणि पहिला गच्च भरलेला. शोकांतिका हीच आहे: पाहिलेलं सगळं खरं, दाखवायला काही नाही.

इथे खऱ्या पत्रकारितेशी ताडून पाहिलं की दुखणं आणखी कळतं. नेली ब्लाय ही अमेरिकी बातमीदार १८८७ मध्ये वेडेपणाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल बेटावरच्या वेड्यांच्या इस्पितळात शिरली. तिने दहा दिवस जे पाहिलं ते पुलित्झर यांच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्राने छापलं, चौकशी झाली आणि अशा संस्थांसाठीचा निधी वाढवला गेला. एका बाईच्या शब्दाने भिंती हलल्या. कोल्चॅक स्वतःला त्याच परंपरेतला समजतो. तेवढीच पायपीट, तेवढाच धोका, आणि छापून मात्र काहीच येत नाही. तो पुन्हा पुन्हा का निघतो, हा प्रश्न वहीत सगळ्यात वर लिहून ठेवा. प्रत्येक लेखक त्याचं उत्तर जरा वेगळं देतो आणि पुढच्या भागाची गुणवत्ता मी तरी त्याच उत्तरावर ठरवतो.

सहावी पायरी: संपादकाची पानं गाळू नका

भुताच्या ओढीने वाचक कार्यालयातली भांडणं भरभर उलटतात. तसं करू नका. व्हिन्सेंझो हा खलनायक नाही. तो चांगला बातमीदार आपल्या हाताखाली ठेवू पाहणारा, वरून दट्ट्या असलेला, आम्लपित्ताने हैराण माणूस आहे. तो म्हणतो, ‘दुसरा स्रोत कुठे आहे?’ आणि तो प्रश्न शंभर टक्के योग्य असतो. कोल्चॅक बरोबर असतो आणि व्हिन्सेंझोही बरोबर असतो, म्हणून त्या दृश्यांत ताण आहे. मालिकेतले सहकारीही ओळखून ठेवा: नीटनेटका, घाबरट रॉन अपडाइक आणि वाचकांना सल्ले देणारं सदर सांभाळणारी वयस्कर एमिली काउल्स. चित्रकथेत हे दोन-दोन चौकटींपुरते डोकावतात.

वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्र यांतला फरकही इथे उपयोगी पडतो. शिकागोतली कोल्चॅकची संस्था, आपल्याकडच्या पीटीआयसारखी, इतर वर्तमानपत्रांना बातम्या पुरवते. तिची एक बातमी खोटी ठरली की सगळ्याच ग्राहकांचा विश्वास जातो. व्हिन्सेंझोची भीती त्यातून येते.

एका शब्दाशी बहुतेक नवे वाचक अडखळतात: ‘मॉर्ग’. अमेरिकी वर्तमानपत्रांत जुन्या अंकांच्या आणि कात्रणांच्या खोलीला हाच शब्द आहे आणि शवागारालाही हाच. ‘मी मॉर्गमध्ये जाऊन येतो’ असं बातमीदार म्हणाला, तर पुढची चौकट पाहूनच ठरवा की तो धुळीच्या फायलींकडे चालला आहे की प्रेतांकडे. मुरलेला लेखक हा गोंधळ जाणूनबुजून वापरतो.

सातवी पायरी: शहर वाचा

कोल्चॅकचं भूत शहराच्या पोटातून येतं, आणि याचं सर्वोत्तम उदाहरण म्हणून मी दुसऱ्या चित्रपटाकडे बोट दाखवेन. (शेवट आधी कळू नये असं वाटत असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा.) जून १८८९ मध्ये सिॲटलला मोठी आग लागली आणि शहराचा मध्यभाग जळाला. पुन्हा बांधताना रस्त्यांची पातळी उंचावली, त्यामुळे जुन्या दुकानांचे तळमजले आणि पदपथ जमिनीखाली गेले. ते अजून आहेत, पर्यटक तिथे फिरतात. कथेतला मारेकरी तिथेच राहतो. आयुष्य वाढवणाऱ्या रसायनासाठी तो दर एकवीस वर्षांनी खून करतो: १८८९, १९१०, १९३१, १९५२ आणि १९७३.

हे कोल्चॅकला कसं कळतं? कात्रणांच्या खोलीत. जुन्या अंकांत एकवीस-एकवीस वर्षांच्या अंतराने तेच खून, तेच वर्णन सापडतं. एका गोष्टीत शहराचा खरा इतिहास, वर्तमानपत्राचं संग्रहालय आणि अमानवी भय एकमेकांत किती घट्ट विणता येतं ते पाहा. पुढचा भाग म्हणून तो पहिल्यापेक्षा मोठा राक्षस आणत बसत नाही. त्याने नवं शहर घेतलं आणि त्या शहराच्या तळघरातच कारण शोधलं.

म्हणून चित्रकथा वाचताना रस्त्यांची नावं, पुलांची रूपं, दुकानांच्या पाट्या पाहा. शिकागोच्या रस्त्यांच्या डोक्यावरून, खांबांवरून जाणारा लोहमार्ग नुसता पार्श्वभूमीला आहे की गोष्टीत त्याचं काम आहे? गोष्ट दुसऱ्या कुठल्याही शहरात जशीच्या तशी उचलून नेता येत असेल, तर लेखकाने कष्ट कमी घेतलेत.

आठवी पायरी: चित्रकार बदलला की काय पाहावं

अशा पुस्तकांत, विशेषतः संग्रहात, दर प्रकरणाला हात वेगळा असतो. कोल्चॅकचा चेहरा कधी मॅकगॅव्हिनसारखा दिसेल, कधी नाही. चेहऱ्याशी हटून बसू नका. फिकट पट्ट्यांचा, सीअरसकर नावाच्या मुळातच चुरगळलेल्या सुती कापडाचा सूट, गवती हॅट, खांद्यावर कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर: एवढी ओळख पुरते. ती हॅट १९७२ मध्येही जुनी झाली होती, हे ध्यानात ठेवा. तो आधीच्या काळातला बातमीदार आहे, चुकून नव्या काळात राहून गेलेला.

रंग मात्र बारकाईने पाहा. कार्यालयातला पिवळट उजेड, रस्त्यावरचा निळा, आणि राक्षसाच्या पानावर कोणता रंग येतो? एकच रंग आधीच्या एखाद्या निरुपद्रवी चौकटीत लपलेला असेल, तर चित्रकार तुम्हाला आधीच सांगून गेला आहे.

आणि गोष्ट आजच्या काळात आणली असेल तर एक कसोटी लावा. १९७४ मध्ये फोटोचा रोल धुवावा लागे, बातमी सार्वजनिक दूरध्वनीवरून सांगावी लागे, म्हणून पुरावा हिसकावता येई. खिशात कॅमेरा आणि जग जोडणारा फोन असताना पुरावा नष्ट कसा होतो? लेखकाने ‘नेटवर्क नव्हतं’ एवढ्यावर भागवलं असेल तर मी पुस्तक खाली ठेवतो. पण छायाचित्र जगभर गेलं आणि ते खोटं बनवलेलं आहे असं सगळ्यांनी ठरवलं, अशी वाट काढली असेल, तर तो माणूस कोल्चॅकचं दुःख नीट समजलेला आहे.

शेवटचं काम

पुस्तक संपल्यावर वहीतला पहिला रकाना बंद करा. दुसऱ्या आणि तिसऱ्यात जे उरलं आहे तेवढ्यावरून दोनशे शब्दांची बातमी लिहा, व्हिन्सेंझोच्या टेबलावर ठेवायची आहे असं समजून. भूत, पिशाच्च, राक्षस हे शब्द आणायचे नाहीत. फक्त नावं, तारखा, ठिकाणं आणि कोण काय म्हणालं ते. लिहून झालं की कोल्चॅकची शेवटची पट्टी पुन्हा उघडा, ती मोठ्याने वाचा आणि आपली बातमी तिच्या शेजारी ठेवून पाहा.